क्रोटनची दीडशे वर्षं

आज बाल्कनीतल्या छोट्या कुंडीत मावणारा क्रोटन मूळचा मोलुक्का बेटांपासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेपर्यंतच्या पट्ट्यातला. आंबोन बेटावर राहणाऱ्या रुंफियस या वनस्पतिअभ्यासकाने सतराव्या शतकातच त्याचं वर्णन करून ठेवलं होतं. पण जगभरच्या बागांना त्याचं वेड लागलं ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८६४ मध्ये लंडनच्या व्हीच नर्सरीचा जॉन गुल्ड व्हीच ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण समुद्रातल्या बेटांकडे गेला. रंगीत पानांच्या क्रोटनचे नवनवे प्रकार त्यानंतर इंग्लंडमधल्या काचगृहांत झळकू लागले. आपल्याकडे काचगृहाची गरजच नव्हती. मुंबई, कोकण, गोव्याची दमट हवा त्याला घरचीच, त्यामुळे बंगल्यांच्या आवारातून तो वाड्यांच्या परसात आणि चाळींच्या कठड्यावर सहज पोचला.

त्या जुन्या झाडांमधली विविधता विलक्षण होती. स्क्रूसारखी पिळलेली पानं, रिबिनीसारखी लांब पानं, मधेच नुसती शीर उरून टोकाला पुन्हा फुटलेलं पान! गणपतीच्या मखराला आणि समारंभातल्या गुच्छांना हीच पानं लागत.

मग अंगणं गेली. सोसायट्यांच्या कडेला पिवळ्या ड्युरांटाची कातरलेली कुंपणं आली. मला ती कंटाळवाणी वाटतात. क्रोटन कुंडीत शिरला, आणि नर्सरीत बहुतेक वेळा ‘पेट्रा’, ‘गोल्ड डस्ट’, ‘मॅमी’ अशी ठरावीक नावंच दिसू लागली. झाडं वाईट नाहीत. ‘मॅमी’ तर आखूड, दाट आणि बाल्कनीला अगदी योग्य. फक्त ऊन द्यायला हवं. कोवळं पान सहसा हिरवं-पिवळं असतं. लाल-शेंदरी छटा ते जून होताना, उन्हातच चढते. सावलीत तेच झाड हिरवं होत जातं. शेंडे खुडत राहिलं की ते बसकं आणि डेरेदार राहतं. पिठ्या ढेकूण मात्र पानांच्या बेचक्यात लपतो, तिकडे लक्ष हवं.

खरं नुकसान वेगळंच आहे. क्रोटनचं बी लावलं तर आईसारखं रोप येईलच असं नाही. एखादा प्रकार टिकतो तो केवळ कलमातून. म्हणजे पुनर्विकासात एक जुना वाडा पडला आणि त्यातलं झाड दुसरीकडे कुठेच नसलं, तर तो प्रकार कायमचा गेला. असे किती प्रकार गेले असतील, त्याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

तेव्हा जुन्या घराची चावी बिल्डरच्या हाती देण्यापूर्वी परसात एक फेरी मारा. पेन्सिलीएवढ्या जाड दोन फांद्यांची बोटभर साल गोलाकार काढा, चीक पुसा, ओलं शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिक घट्ट बांधा. पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात मुळं दिसतील. ही गुटी कलमं उतरवली की एक रोप आपल्याकडे ठेवा आणि दुसरं शेजाऱ्याला द्या.