नोकरी सुटते, तेव्हा विम्याचं काय होतं?

गेल्या वर्षीची गोष्ट. एप्रिलचा तिसरा आठवडा होता. आमच्या नागपूरचं ऊन तेव्हा कुठे रंगात यायला लागलं होतं. सकाळची शाळा आटोपून मी घरी आले आणि कूलरमध्ये पाणी भरत होते, तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली. जाऊन बघते तो त्या उजवी कूस दाबून पलंगावर वाकलेल्या, घामाने चिंब. संध्याकाळपर्यंत आम्ही धंतोलीतल्या एका रुग्णालयात होतो. पित्ताशयात खडे निघाले. शस्त्रक्रिया लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं.

पैशांच्या बाबतीत मी अगदी निर्धास्त होते. ह्यांच्या ऑफिसने दिलेलं विम्याचं कार्ड पर्समध्ये होतं आणि त्यावर सासूबाईंचंही नाव होतं. खिडकीवरच्या मुलीने नंबर टाकून पाहिला, पुन्हा एकदा पाहिला आणि म्हणाली, "मॅडम, हे कार्ड चालू नाही. ३१ मार्चलाच बंद झालं आहे."

मागे खुर्चीवर कण्हत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "काऊन बाई? इतकी वर्षं तर चालत होतं ना?"

३१ मार्च हा ह्यांचा जुन्या कंपनीतला शेवटचा दिवस. अकरा वर्षं नोकरी केली आणि मग घराजवळच्या एका लहानशा फर्ममध्ये गेले. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, ग्रुप फोटो झाला. विम्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नाही. नव्या फर्ममध्ये विमा नव्हताच. शेवटी मुलीच्या अकरावीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडली आणि ब्याण्णव हजार रुपये भरले. सासूबाई सुखरूप घरी आल्या, देवाची कृपा. पण त्या खिडकीपाशी माझा चेहरा कसा झाला असेल, ते मलाच ठाऊक. म्हणूनच नंतर जे जे विचारून, वाचून कळलं, ते तुम्हांला सांगायला बसले आहे.

कार्ड आपलं, पॉलिसी कंपनीची

ऑफिसचा विमा हा सामूहिक विमा असतो. पॉलिसी कंपनीच्या नावावर असते, आपण तिच्या यादीतलं एक नाव. नोकरी सुटली की यादीतून नाव कमी होतं. पॉलिसीचं वर्ष संपायला चार महिने असले, तरी आपलं कवच बहुधा शेवटच्या दिवसालाच संपतं. नवरा, बायको, मुलं, आईवडील, सगळ्यांचं एकदम.

इथे एक गैरसमज पुष्कळांचा असतो, माझाही होता. "हप्ता भरायला तीस दिवसांची सवलत असते ना!" असते, पण ती आपल्या स्वतःच्या वार्षिक पॉलिसीचं नूतनीकरण करताना. नोकरीबरोबर गेलेल्या सामूहिक विम्याला ती लागू नाही. शिवाय वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीतसुद्धा त्या तीस दिवसांत पैसे भरले, तर जुने फायदे तुटत नाहीत एवढंच. मधल्या दिवसांत आलेल्या आजारपणाचा खर्च मिळेलच, असं धरून चालू नये.

मग वाट आहे का? आहे!

विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे सामूहिक विम्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाला त्याच विमा कंपनीची वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसी मागता येते. याला स्थलांतर म्हणतात. कंपनी तब्येतीची चौकशी करते, तपासण्या सांगते. हप्ता आता आपल्यालाच भरावा लागतो आणि तो वयाप्रमाणे असतो. मग यात फायदा कोणता? तर जुन्या वर्षांची गणती.

नव्या पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारांना, म्हणजे मधुमेह, रक्तदाब वगैरेंना, काही काळ थांबावं लागतं. २०२४ च्या नियमांनी हा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिने केला आहे. वेळेवर स्थलांतर केलं, तर सामूहिक विम्यात काढलेली वर्षं, तेव्हाच्या विम्याच्या रकमेपुरती, त्यातून वजा होतात. तसंच सलग ६० महिने विमा झाला, की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय "तुम्ही अमुक आजार सांगितला नव्हता" म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही.

आमची अकरा वर्षं होती, मैत्रिणींनो! एका अर्जाअभावी ती पाण्यात गेली. सासूबाईंना साखर आहे. नवी पॉलिसी घेतली, पण साखरेपायी येणाऱ्या दुखण्यांसाठी आता तीन वर्षं आमचाच खिसा. ब्याण्णव हजारांपेक्षा मला हीच गोष्ट अधिक लागते.

नणंदेच्या गावचा कोब्रा

माझी नणंद अमेरिकेत न्यू जर्सीला असते. मागे तिच्या यजमानांची नोकरी गेली, तेव्हा ती फोनवर म्हणाली, "वहिनी, आम्ही कोब्रा घेतोय." मी घाबरलेच! नागपूरकरांना नाग नवा नाही, पण घरात कोण घेतो? मग तिने समजावलं, की हे एका कायद्याचं नाव आहे. १९८६ पासून तिथे तो लागू आहे. वीस किंवा अधिक नोकर असलेल्या कंपनीतून माणूस बाहेर पडला, तर तोच सामूहिक विमा त्याला साधारणपणे १८ महिने चालू ठेवता येतो. ठरवायला ६० दिवस मिळतात, होकार कळवल्यावर पहिला हप्ता भरायला ४५ दिवस आणि पुढच्या प्रत्येक हप्त्याला ३० दिवसांची सवलत. मात्र कंपनीचा वाटाही आपणच भरायचा आणि वर दोन टक्के खर्च, म्हणजे एकूण १०२ टक्के. तिचं तर डोकंच गरगरलं. पण मुदतीत पैसे भरले, की विमा जुन्या तारखेपासून अखंड धरला जातो. मधल्या दिवसांतलं आजारपणही त्यात येतं.

आपल्याकडे खासगी नोकरीत अशी मागचं भरून काढायची सोय नाही. म्हणून आपल्याला आधीच जागं व्हायला हवं.

कामगार विमा आणि सरकारी नोकरी

हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांत ज्यांचा पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांना कर्मचारी राज्य विमा असतो. ही योजना आपल्या गावाला नवी नाही. १९५४ साली, नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, तेव्हाच ती इथे आली. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. तिची एक चांगली गोष्ट अशी, की नोकरी सुटली म्हणून उपचार दुसऱ्या दिवशी बंद होत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा हक्क मिळतो आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. वर्गणीचे दिवस निदान ७८ भरलेले असावेत.

आमच्या शेजारचे काका हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले. निदान पाच वर्षं विमेदार राहून वयोमानाने निवृत्त होणाऱ्याला वर्षाला अवघे १२० रुपये आगाऊ भरून स्वतःचे व पत्नीचे उपचार चालू ठेवता येतात. काकू दरवर्षी आठवणीने त्यांना पैसे भरायला पाठवतात. "एका साडीच्या फॉल-पिकोचे पैसे," त्या हसून म्हणतात. निवृत्तीच्या वेळी शाखा कार्यालयात जाऊन हे जरूर विचारा.

केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएसचं कार्ड चालू ठेवता येतं. वर्गणी पगाराच्या स्तराप्रमाणे महिना २५० ते १,००० रुपये. दरवर्षी भरा, नाहीतर दहा वर्षांची एकदम भरून जन्मभराचं कार्ड घ्या. ज्यांची महिना ६५० आहे, त्यांना ७८,००० रुपये पडतात. निवृत्तीचे पैसे हातात येतात, तेव्हाच हे उरकून घ्यावं. नाहीतर त्या पैशांना पाय फुटायला वेळ लागत नाही! रेल्वे आणि कोळसा खाणींच्या नोकरांसाठीही निवृत्तीनंतरच्या वेगळ्या योजना आहेत. त्यांची चौकशीसुद्धा निवृत्तीच्या आधीच करावी.

गृहिणीने काय करावं?

१. राजीनाम्याची भाषा घरात सुरू झाली, की पहिला प्रश्न विचारा, "विमा कोणत्या तारखेपर्यंत?" उत्तर तोंडी नको, ऑफिसकडून लेखी घ्या.

२. स्थलांतराचा अर्ज शेवटच्या दिवसाच्या निदान महिनाभर आधी, विमा चालू असतानाच द्या. अर्जाची पोच जपून ठेवा.

३. किती वर्षं विमा होता, कोणाकोणाची नावं होती, रक्कम किती होती, याचं प्रमाणपत्र मागून घ्या. दरवर्षीची कार्डं फेकू नका.

४. अर्जात साखर, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया काही लपवू नका. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत नापसंत करून परत करता येते, तेवढ्यात ती नीट वाचा.

५. नव्या नोकरीत विमा असला, तरी तो कोणत्या दिवसापासून आणि त्यात आईवडील आहेत का, हे विचारा. मधल्या दिवसांची सोय वेगळी बघावी लागते.

६. घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ते मिळतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचार. आमच्या सासूबाईंना अजून दोन वर्षं थांबायचं आहे.

७. जमेल तर नोकरी चालू असतानाच घरची एक लहानशी स्वतंत्र पॉलिसी घेऊन ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, तेवढाच हातभार.

आमच्या नव्या पॉलिसीचा हप्ता मी माझ्या अर्धवेळ शिकवण्याच्या पगारातून भरते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल शाईने गोल केला आहे आणि त्याच्या पंधरा दिवस आधी दुसरा. परवा सासूबाईंनी चष्मा लावून तो गोल बघितला आणि म्हणाल्या, "हा सण कोणता गं?"

म्हटलं, "आई, हा आपल्या घरचा सण. हा काही चुकवायचा नाही."