सबवूफर जोडणी शिका: ॲम्प्लिफायर जळणार नाही, ग्राहक परत येईल

अमरावती-अकोल्याकडे कार ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचं म्हणणारे बरेच जण आहेत. सीट कव्हर आणि मॅट तर सगळेच विकतात. तिथे स्पर्धा फक्त भावाची. पण "भाऊ, बेस दणक्यात पायजे" म्हणत येणाऱ्या ग्राहकाला नीट जोडणी करून देणारा माणूस वेगळा ओळखला जातो. एक ॲम्प जळाला की मजुरी तर जातेच, वर नावही जातं. म्हणून आज फोर-चॅनल ॲम्पवर सबवूफर कसा जोडायचा, ते हिशोबासकट पाहू.

१. आधी ओहम मोजा

समजा ॲम्पवर लिहिलंय: 4 ओहमला 100 वॉट × 4, 2 ओहमला 150 वॉट × 4, ब्रिज केल्यास 4 ओहमला 300 वॉट × 2. सरळ पद्धत अशी: चॅनल 1 आणि 2 वर पुढच्या दाराचे स्पीकर, 3 आणि 4 ब्रिज करून त्यावर 4 ओहमचा एक सबवूफर.

ब्रिज म्हणजे दोन चॅनल मिळून एकच स्पीकर चालवणं. त्यात प्रत्येक चॅनलला निम्मेच ओहम दिसतात. 4 चा सब लावला तर 2 दिसतात, हे चालतं. 2 चा लावला तर 1 दिसतो. मग ॲम्प तापतो, प्रोटेक्टमध्ये जातो, नाहीतर जळतो.

आता ग्राहक 4 ओहमचे दोन सब घेऊन आला. काय कराल?

- पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस): 2 ओहम. या ॲम्पवर ब्रिजमध्ये नाही चालणार.
- सिरीज: 8 ओहम. सुरक्षित, पण पॉवर साधारण निम्मी.
- 1-2 ब्रिजवर एक, 3-4 ब्रिजवर दुसरा: दोघांना पूर्ण पॉवर. दाराचे स्पीकर मात्र स्टिरिओवरच ठेवावे लागतील.

डबल कॉइलचा 2+2 सब असेल तर कॉइल सिरीजमध्ये जोडा, बरोबर 4 होतात. 4+4 असेल तर पॅरललमध्ये 2 आणि सिरीजमध्ये 8, म्हणजे अशा एकट्या सबचे 4 होतच नाहीत. हे विकण्याआधी सांगा, बिल फाडल्यावर नाही. खात्रीसाठी मल्टिमीटर लावा. 4 ओहमची कॉइल 3 ते 4 च्या मधलं रीडिंग दाखवते.

ब्रिजसाठी कोणते दोन टर्मिनल वापरायचे, ते ॲम्पवरच छापलेलं असतं. अंदाजाने जोडू नका. स्पीकरची मायनस वायर बॉडीला तर कधीच लावू नका.

२. पॉवर वायरमध्ये काटकसर नको

दारांचे 200 आणि सबचे 300, एकूण 500 वॉट. क्लास-डी ॲम्पची कार्यक्षमता 80 टक्के धरली तर बॅटरीकडून 625 वॉट ओढले जातात. 13.5 व्होल्टने भागा: सुमारे 46 अँपिअर. त्यासाठी शुद्ध तांब्याची 4 गेज वायर घ्या. तांब्याचा नुसता मुलामा असलेली ॲल्युमिनियम वायर स्वस्त पडते, पण तेवढ्याच जाडीत कमी करंट नेते.

काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढा. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर आग लागू नये, त्यासाठी तो असतो. अर्थिंगची वायर तेवढीच जाड आणि आखूड ठेवा, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसवा. आरसीए केबल पॉवर वायरच्या विरुद्ध बाजूने न्या, नाहीतर इंजिनाची घरघर स्पीकरमधून ऐकू येते.

आणि आपला उन्हाळा विसरू नका! अकोल्यात पारा 45 च्या वर जातो, बंद गाडीत त्याहून जास्त. ॲम्प गादीखाली कोंबू नका, हवा खेळती ठेवा.

३. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

सबची वायर काढा, बेस बूस्ट शून्य करा, स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवा आणि 50 हर्ट्झचा टोन वाजवा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: 300 × 4 = 1200, वर्गमूळ 34.6. मल्टिमीटर एसीवर ठेवून ब्रिज टर्मिनलवर 34 व्होल्टच्या आसपास येईपर्यंतच गेन फिरवा. सब 300 वॉट आरएमएसपेक्षा कमीचा असेल, तर त्याचाच आकडा धरा. लो-पास 80 हर्ट्झला ठेवून सुरुवात करा.

४. आता धंद्याचं बोलू

मजुरी वेगळी लिहा, "फिटिंग फ्री" म्हणू नका. बिलावर एकूण ओहम, फ्यूजचा आकडा आणि गेनचे व्होल्ट नोंदवा, गाडी देण्याआधी वायरिंगचे फोटो काढा. उद्या कुणी दुसरीकडे छेडछाड करून तुमच्याकडे भांडायला आला, तर तो कागद बोलतो. नव्या गाडीची मूळ वायर कापू नका, कपलर वापरा. वॉरंटीचा वाद टळतो. आणि रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिप्रदूषणाचे नियम कडक आहेत, हेही ग्राहकाच्या कानावर घाला.

एक चांगला मल्टिमीटर, क्रिंपिंग टूल आणि हे चार हिशोब, एवढ्यावर सुरुवात होते. आधी स्वतःच्या बाकावर दहा वेळा जोडणी करून पहा, मग ग्राहकाच्या गाडीला हात लावा!