ऑइल चेंबरचा नट अडकला तर?

कापडाचा व्यापार असो, फर्निचर असो की बेकरी, आज गाडीवाचून धंदा चालत नाही. गाडी एक दिवस गॅरेजमध्ये अडकली तर माल पोहोचत नाही आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाकडे वळते. म्हणून ऑइल वेळच्या वेळी बदलण्याकडे आम्ही व्यापारी लक्ष देतो. पण याच साध्या कामात चेंबरच्या तळाचा लहानसा ड्रेन नट मोठा खर्च उभा करतो. तो सुटत नाही, त्याचे डोके गोल होते, नाहीतर चेंबरचे आटे जातात.

नट गंजामुळे अडकतो असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक त्याचे आटे आतून तेलात भिजलेले असतात, तेथे गंज फारसा धरत नाही. बहुतेक वेळा मागच्या खेपेस कोणीतरी तो गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो. मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ साली थांबले, तरी जुन्या ओम्नी आजही माल वाहताना दिसतात. अशा गाडीचा नट कितीतरी हातांतून गेलेला असतो.

आता हिशेब पाहू. लहान गाड्यांच्या नटाला साधारण ३० ते ४० न्यूटन मीटर जोर पुरतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. २० सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर १८ किलोचा भार दिला की ३५ न्यूटन मीटर होतात. पान्यात पाईप घालून तोच भार ६० सेंटीमीटरवर दिला तर जोर तिप्पट होतो. ऑइल गळू नये म्हणून कारागीर पाईप घालतो, पण गळती थांबवण्याचे काम वायसरचे आहे. तो दर वेळी नवा घालावा.

नट अडकलाच तर पुढील क्रमाने जावे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, मजबूत स्टँड लावावेत. इंजिन थोडे कोमट करावे, फार गरम नको, कारण उकळत्या ऑइलने हात भाजतो. नटाच्या डोक्याकडे तोंड करून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावे. उताणे झोपल्यावर ही दिशा हमखास चुकते आणि नट आणखी आवळला जातो.

बारा कोनी रिंग पाना डोक्याचे कोपरेच धरतो. त्याऐवजी बरोबर मापाचे सहा कोनी सॉकेट पूर्ण बसवावे आणि एकच ठाम झटका द्यावा. डोके गोल झाले असेल तर पाईप पाना किंवा वाइस ग्रिप लावावी, नाहीतर किंचित लहान सॉकेट ठोकून बसवावे. तेही जमले नाही तर डोक्याच्या कडेला छन्नी तिरकी लावून सुटण्याच्या दिशेने ठोकावे. चेंबरखाली दिवा किंवा ज्योत कधीही धरू नये. डोक्यावर दुसरा नट वेल्डिंग करून तो सोडवता येतो, पण आगीचा धोका असल्याने ते काम जाणत्या कारागिराचेच. घाई असेल तर डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ऑइल ओढून घ्यावे आणि नटाचे काम सवडीने करावे.

जुना नट पुन्हा लावू नये. नवा नट आधी बोटांनी फिरवून बसवावा. तो वाकडा शिरला तर आटे कापले जातात. आटे थोडे खराब असतील तर टॅप फिरवून सुधारतात. टॅपला ग्रीस लावावे, म्हणजे भुगा त्याला चिकटतो. मग थोडे ऑइल ओतून राहिलेला भुगा धुऊन काढावा. आटे पूर्ण गेले असतील तर तारेचा इन्सर्ट बसवावा किंवा चेंबर बदलावा. कापड गुंडाळून किंवा सोल्युशन लावून भागवू नये. वाटेत नट निसटला तर सगळे ऑइल सांडते आणि काही मिनिटांत इंजिन जाम होते.

आता थोडे व्यवहाराचे. अडकलेला नट ज्याच्या हातात तुटतो, दोष त्याच्यावर येतो. आवळणारा मात्र नामानिराळा राहतो. आमच्या पेठेत या कारणावरून जुनी गिऱ्हाइकी तुटताना आम्ही पाहिली आहे. म्हणून कारागीर बंधूंनी पाना लावण्यापूर्वीच नट मालकाला दाखवावा, खर्च कुठवर जाऊ शकतो ते सांगावे आणि होकार घ्यावा. मालकानेही नव्या नटाचे आणि वायसरचे पैसे देताना घासाघीस करू नये. बिलावर "नवा वायसर, पाईप न घालता आवळला" एवढे लिहून मिळाले तर पुढच्या कारागिराचा अर्धा त्रास वाचतो आणि आपली गाडी दुपारपर्यंत पुन्हा मालाला लागते.