पायाला वेढा, हाताला सुट्टी

टांगलेल्या कापडावर चढताना आधी दमतात ती बोटं. दंडांची पाळी नंतर येते. मूठ आवळून आवळून कोपरापर्यंतचा हात ताठतो आणि खाली उतरल्यावर बाटलीचं झाकणही फिरवता येत नाही. गव्हाणजवळ, उलव्याच्या नव्या इमारतींमधल्या एका हॉलमध्ये एरियल सिल्क आणि हॅमॉक योगा शिकायला जमलेल्या आम्हा सगळ्यांची सुरुवात अशीच झाली. वर जायचं म्हणजे हातांनी ओढायचं, अशीच प्रत्येकाची समजूत.

शिकवणाऱ्या ताई मूळच्या दोरीच्या मल्लखांबातल्या. त्यांना हातांचं कौतुक नाही. ‘‘हात वाट दाखवायला. वजन पायावर घ्या,’’ एवढंच त्या म्हणतात. कापड मांडीच्या आतून घेऊन पोटरीला बाहेरून वळवायचं, पावलावर आडवं आणायचं आणि दुसऱ्या तळव्याने दाबून त्यावर उभं राहायचं. जमलं की मूठ जवळजवळ सैल सोडता येते. मात्र पावलाचा वरचा भाग कळवळतो. ‘‘दुखतंय? म्हणजे बरोबर बसलंय,’’ हे ताईंचं सांत्वन.

यामागचं गणित बंदरातल्या दोरांचं. धक्क्यावरच्या खुंटाला दोराचे दोन-तीन वेढे दिले की अजस्र जहाजाची ओढ एकटा माणूस धरू शकतो, कारण प्रत्येक वेढ्यागणिक घर्षण बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याने धरण्याची ताकद साडेसहा पट होते आणि दोन वेढ्यांनी चाळीस पटींच्या वर जाते. ६० किलोच्या माणसाला दोन वेढ्यांनंतर मागचं टोक दीड किलोच्या जोराने धरलं तरी पुरतं. सिल्कमध्ये हा खुंट म्हणजे आपलीच मांडी, पोटरी, कंबर. गाठ कुठेच मारायची नाही. टोक सोडलं की सगळं सुटतं, आणि ‘ड्रॉप’ नावाची ती नेत्रदीपक कोसळण याच सुटण्यावर बेतलेली असते.

दोरीच्या मल्लखांबातही गाठ चालत नाही. बाळंभट दादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरीस मल्लखांबाला नवा जन्म दिला. पुढे वेताच्या मल्लखांबाची जागा दोराने घेतली. हा साधारण दोन सेंटिमीटर जाडीचा सुती दोर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत धरून मुली वर सरकतात, अढी घालतात, त्याच्यावर पद्मासनात बसतात. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात हे पाहिलेल्या माणसाला सिल्क परदेशी वाटत नाही. तरी दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही. दोर उघड्या कातडीला धरतो, म्हणून तिथे कपडे आखूड. कापड घसरताना कातडी भाजतं, म्हणून इथे गुडघ्यामागचा भाग आणि काख झाकलेली. अंगठी, चेन, झिप बाहेर. कापड पसरतं, वजन वाटून घेतं. दोर तसली दया दाखवत नाही.

हॅमॉक आणखी मऊ. आगरी घरात तान्ह्यासाठी बांधलेल्या झोळीसारखंच ते, फक्त आत बसणारा पन्नाशीतला. कमरेखाली कापड घेऊन पाय गुंतवले आणि मागे झुकलं की डोकं खाली, कणा मोकळा लोंबतो. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारही शिष्यांना भिंतीतल्या दोरांवर असंच उलटं टांगत. न्यूयॉर्कच्या क्रिस्टोफर हॅरिसन यांनी कापडाची झोळी घेऊन त्याचा वेगळा वर्ग केला. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांना ताई उलटं होऊ देत नाहीत. उलट्या अवस्थेत डोळ्यातला दाब वाढतो, आणि त्यावर हौशीचं औषध नाही.

लवचिकतेबद्दल मात्र हॅमॉक फसवतं. झोळीत पाय सहज फाकतात, आपण लवकर तयार झालो असं वाटतं. खरं तर निम्मं वजन कापडाने उचललेलं असतं. तेवढाच ताण जमिनीवर स्वतःच्या ताकदीने धरता आला नाही, तर ती लवचिकता सांध्याला महागात पडते. म्हणून ताई झोळीतून उतरवून आधी खांद्याची पाती खाली ओढून नुसतं लोंबकळायला लावतात. मान लांब, कान खांद्यांपासून दूर, कोपर सरळ. बघणाऱ्याला काहीच घडत नाही असं वाटतं. या लोंबकळण्याला वर्गात सगळे कंटाळतात आणि माझ्या मते फीचे खरे पैसे तिथेच वसूल होतात.

ड्रॉप अजून आम्हाला मिळालेला नाही. कोसळताना छताच्या हुकावर वजनाच्या कित्येक पट झटका बसतो, त्यामुळे तास सुरू होण्याआधी ताई शिडी लावून हुक, कॅराबिनर, स्विव्हल एकेक हाताने फिरवून पाहतात आणि कापड वरपासून खालपर्यंत उजेडात धरून विरलेला धागा शोधतात. परवा त्यांनी एक निळं कापड खाली उतरवलं. भोक कुठे आहे ते मला दाखवूनही दिसलं नाही.