कुंपणातली आयबं आणि नंदुरबारचे वाणी

इथे कार्ल्सरूहेत घरांच्या कुंपणाला, बागांत, स्मशानभूमीत आयबं दिसते. शरदात तिला लालचुटुक फळं लागतात आणि आया मुलांचे हात मागे ओढतात, कारण आतली बी विषारी. पानंही तशीच.

याच जातकुळीच्या अमेरिकन झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं औषध आलं. ते वेगळं काढून १९७१ साली त्याची रचना मांडणाऱ्यांत मन्रो वॉल यांच्यासोबत होते मनसुख वाणी. जन्म १९२५, नंदुरबारचा! एमएस्सी मुंबई विद्यापीठाची. आपल्यातल्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

आमच्या घरच्या ग्रुपवर 'अमुक पाल्याने कॅन्सरच्या पेशी मरतात' असा निरोप आला, की मला वाणी आठवतात. निरोप अनेकदा खराही असतो. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये अशा चाचण्या होतात. प्लास्टिकच्या ताटलीतल्या छोट्या खळग्यांत पेशी वाढवायच्या, वेगवेगळ्या मात्रेत अर्क घालायचा, दोनेक दिवसांनी रंग देऊन किती उरल्या ते मोजायचं. पण ताटलीतल्या पेशी जास्त मीठ घातलं तरी मरतात! किती थोड्या मात्रेत मरतात, निरोगी पेशी वाचतात का, पोट आणि यकृत ओलांडून औषध गाठीपर्यंत पोचतं का, हे प्रश्न पुढचे.

टॅक्सॉलची साल १९६२ मध्ये गोळा केली. बारा किलोतून मिळाला जेमतेम अर्धा ग्रॅम. औषधाला परवानगी मिळाली १९९२ च्या डिसेंबरात. तीस वर्षं! पुढे फ्रेंच शास्त्रज्ञांनी युरोपातल्या आयबंच्या पानांतून कच्चा माल काढला. पानं पुन्हा फुटतात, झाड तोडावं लागत नाही.

वाणी-वॉल जोडीचं दुसरं द्रव्य कॅम्प्टोथेसिन, १९६६ चं. ते चिनी झाडातलं, पण आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडतं. सत्तरच्या दशकात रुग्णांवरचे प्रयोग थांबवावे लागले, कारण मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. रेणूत फेरफार करून बनवलेली औषधं आली ती थेट नव्वदच्या दशकात. नरक्याचा काढा म्हणजे ते औषध नव्हे.

आणि केमो चालू असलेल्या मावशीला कुणी 'निदान सोबत तरी घे' म्हणालं तर? त्या फेरफार केलेल्या औषधांपैकी एक इरिनोटेकान. इथल्या ड्रोगरीत सहज मिळणाऱ्या योहानिसक्राउटने यकृत ते भराभर मोडतं, आणि रक्तातला त्याचा कामाचा अंश घटतो. केमो चालू, त्रासही चालू, आणि औषध मात्र कमी.