चामड्याच्या जाकिटाचें अस्तर

हिंवाळा लागला म्हणजे आमच्या नागपुरांत चामड्याचीं जाकिटें दिसूं लागतात. पहांटे सायकलवर शाळेस निघणाऱ्या मुलास तें हवेंसें वाटतें खरें. पण मधल्या सुटींत तेंच जाकीट हातावर टाकून फिरण्याची पाळी येते. २९ डिसेंबर २०१८ रोजीं येथील पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तरी हिंवाळ्यांतली दुपार बहुधा २८ अंशांच्या आसपास असते. अशा गांवीं जाकीट घेतांना बाहेरच्या चकाकीपेक्षां आंतलें अस्तर पहावें, असें आमचें पालकांस सांगणें आहे.

चामडें वारा अडवितें, पण घामास लवकर वाट देत नाहीं. घाम आंत मुरला तर त्यांतील क्षारानें चामडें कडक होतें. तो आधीं अस्तरानें टिपला पाहिजे. मध्यम दमट हवेंत सुती कापड आपल्या वजनाच्या शेंकडा सुमारें ८ भाग ओलावा धरतें, लांकडाच्या लगद्यापासून होणारें रेयॉन १२-१३ व लोंकर १६ भाग. पॉलिएस्टर मात्र अर्धा भागसुद्धां धरीत नाहीं. स्वस्त जाकिटांत बहुधा हेंच असतें. तें गुळगुळीत व टिकाऊ असतें, हें आम्ही नाकारीत नाहीं.

लोंकरीचा आंकडा पाहून कोणी मोहित होऊं नये. दुसऱ्या महायुद्धांत बाँबफेकी विमानांतील वैमानिक मेंढीच्या कातड्याचीं, लोंकर आंत असलेलीं जाकिटें घालीत. कारण तितक्या उंचीवर हाडें गोठविणारी थंडी असे. सीताबर्डीवर दुपारीं तसलें जाकीट घालणें म्हणजे शिक्षाच!

मग सर्वत्र सुती अस्तर लावावें काय? येथें आम्ही एकदां फसलों. जुन्या जाकिटास आम्हीं बाह्यांसकट जाड सुती अस्तर लावविलें; तेव्हां हात घालतांच सदऱ्याची बाही कोंपरापर्यंत गोळा होऊं लागली. म्हणून अंगास सुती आणि बाह्यांस रेयॉन किंवा साटिन, हीच जोडी बरी. सुती कापड कापण्यापूर्वीं भिजवून वाळवावें, म्हणजे पुढें आटणार नाहीं. रंग गडद असल्यास ओला पांढरा रुमाल त्यावर घासून पहावा. नाहींतर शाळेचा पांढरा सदरा पहिल्याच घामांत रंगेल. आपल्या विदर्भांतील कोसाहि अस्तरास उत्तम, पण महाग. घरांतील जुन्या कोशाचा धड तुकडा वापरावयाचा असल्यास तो आधीं ताणून पहावा. जुनें रेशीम शिवणीपाशीं फाटतें.

शिंप्यास दोन गोष्टी अवश्य सांगाव्या. चामडें वापरानें सैल होतें, अस्तर होत नाहीं. म्हणून पाठीवर मधोमध बोटभर चुणी ठेवावी, नाहींतर तें बगलेंत उसवतें. दुसरें असें कीं, चामड्यांत सुईनें पडलेलें छिद्र पुन्हां बुजत नाहीं. तेव्हां अस्तर बदलतांना टांके जुन्याच छिद्रांतून घालावयास लावावे.