पहिला रेझर कोणता घ्यावा?

घरातील थोरल्या मुलाच्या ओठावर मिसरूड फुटून वर्ष-सहा महिने लोटले आणि गालांवरची लव खरखरीत होऊ लागली, म्हणजे दाढीचा प्रश्न घरात शिरतो. बहुधा त्याचा निकाल कोणी विचारपूर्वक लावीत नाही. मुलगा एके दिवशी वडिलांचा रेझर गुपचूप उचलतो, किंवा बाजारातून वापरून फेकण्याचा प्लास्टिकचा रेझर आणतो, आणि हनुवटीवर दोन-तीन लाल रेघा घेऊन जेवायला बसतो. धाकटी भावंडे हसतात, आई हळद लावते, आणि वडील म्हणतात, "सवय होईल." सवय होते हे खरे, परंतु कातडी खरवडून घेण्याचीही सवय होते, आणि ती पुढे जन्मभर सुटत नाही. म्हणून या लहानशा खरेदीविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

आम्ही येथे दुधारी पात्याच्या सेफ्टी रेझरचाच विचार करणार आहोत. एक मूठ, तिच्यावर बसणारे डोके, आणि त्या डोक्यात दाबून बसविलेले, दोन्ही कडांना धार असलेले एक पातळ पाते, एवढाच त्याचा संसार. आजोबांच्या पिढीत तो घरोघरी असे. पुढे १९७१ साली जिलेट कंपनीने दोन पाती एकत्र बसविलेला रेझर आणला, मग तीन पाती आली, मग पाच आली, आणि दुधारी रेझर अनेक घरांतून फळीवरून ट्रंकेत गेला. तो आता पुन्हा बाहेर निघू लागला आहे, आणि आमच्या मते हे योग्यच होत आहे. त्याची कारणे त्याच्या जन्मकथेतच आहेत.

किंग कँप जिलेट हा अमेरिकेतील एक फिरता विक्रेता होता. तो बाटल्यांची बुचे बनविणाऱ्या कंपनीचा माल विकीत असे. एकदा वापरून टाकावी आणि गिऱ्हाइकाने पुन्हा घ्यावयास यावे अशी एखादी वस्तू शोधून काढ, असा सल्ला त्या बुचाचा जनक विल्यम पेंटर याने त्याला दिला होता. १८९५ साली दाढी करीत असता जिलेटच्या मनात पातळ पात्याची कल्पना आली. कातडीला जपणारी आडपट्टी ही काही त्याची कल्पना नव्हे. अठराव्या शतकात फ्रान्समधील पेरे नावाच्या कारागिराने वस्तऱ्याला लाकडी आवरण घातले होते, आणि १८८० साली न्यूयॉर्कच्या कांफे बंधूंनी आडपट्टीच्या रेझरचे पेटंटही घेतले होते. परंतु त्या सर्वांचे पाते वस्तऱ्यासारखे जाड असे, आणि त्याला वरचेवर धार लावावी लागे. कागदासारख्या पातळ पोलादी पत्र्याला धार टिकणार नाही, असे पोलादाच्या जाणकारांनी जिलेटला सांगितले. विल्यम निकर्सन या यंत्रविद्येच्या जाणकाराने ते कोडे सोडविले. १९०१ साली बोस्टन शहरी कंपनी निघाली. १९०३ साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर व १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी नव्वद हजारांवर रेझर खपले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना सरकारकडूनच रेझर मिळाले, आणि घरी परतताना त्यांनी दाढीची नवी रीतही बरोबर नेली.

आता यातील मर्म पाहावे. जिलेटच्या मनात पाते फेकावयाचे होते. रेझर मात्र राखावयाचा होता. १९२१ साली त्याच्या पेटंटाची मुदत संपली आणि ते पाते सर्व जगाचे झाले. पुढे भोकांच्या जागी लांब खाच आली, पण मूळ मापे तशीच राहिली. आजही कोणत्याही कंपनीचे दुधारी पाते कोणाच्याही रेझरमध्ये बसते. आपल्याकडील टोपाझचे पाते जर्मनीतल्या रेझरमध्ये बसते, आणि जपानी पाते आजोबांच्या रेझरमध्ये बसते. नव्या रेझरांचे तसे नाही. ज्याची मूठ घेतली त्याच्याच डोक्यांना आपण बांधले जातो, आणि ती डोकी साध्या पात्यापेक्षा कित्येक पटींनी महाग पडतात. ज्या घरात बाप आणि तीन मुलगे दाढी करतात, त्या घराने हा हिशेब एकदा पाटीवर मांडून पाहावा.

निवडीकडे वळू. रेझरांतही मवाळ आणि जहाल असे दोन पक्ष आहेत. पात्याची धार डोक्याबाहेर किती डोकावते आणि पाते व आडपट्टी यांत फट किती आहे, यावर हा भेद अवलंबून असतो. मवाळ रेझरमध्ये धार जेमतेम बाहेर असते; हात थोडा चुकला तरी तो सांभाळून घेतो. जहाल रेझर दाट दाढी एका फटक्यात साफ करतो, पण चूक पोटात घालीत नाही. नव्या हाताने मवाळच घ्यावा, यात आम्हांस शंका नाही. तरुण मुलांचा ओढा नेमका उलट असतो. दुकानदाराने "हा एकदम कडक आहे" असे म्हटले की त्यांचा हात तिकडेच जातो. अशा वेळी बरोबर वडीलधारे कोणी असलेले बरे.

पात्याखालच्या आडपट्टीचेही दोन प्रकार असतात. एकीत सरळ, सलग पट्टी असते. दुसरीत फणीसारखे दाते असतात. दात्यांच्या रेझरमध्ये लांब वाढलेले केस व फेस अडकून बसत नाहीत, म्हणून रविवारच्या मिस्सेपूर्वी आठवड्यातून एकदाच दाढी करणाऱ्या गृहस्थाला तो सोयीचा पडतो. रोज किंवा दिवसाआड दाढी करणाऱ्या मुलाला सलग पट्टीचाच द्यावा. काही रेझरांच्या मुठीवर आकडे असून ते फिरविले की फट कमी-जास्त होते. जिलेटने असा रेझर १९५८ साली काढला, आणि ती युक्ती खरोखर सुंदर आहे. पण नवशिक्याच्या हाती आकडे दिले की तो पहिल्याच आठवड्यात एकावरून नऊवर जातो! तो पुढे केव्हातरी घ्यावा.

घडणीविषयी बोलावयाचे तर तीन तुकड्यांचा रेझर आम्हांस सर्वांत पसंत आहे. टोपी, तळपट्टी आणि मूठ हे तीन भाग स्क्रूने जोडलेले असतात. त्यात बिघडण्यासारखे काही नसते, आणि उघडला की सर्व साबण धुऊन निघतो. मूठ पिळताच दोन झडपा उघडणारा रेझर पाते बदलावयास सोयीचा खरा. पण त्याच्या सांध्यांत साबणाचा थर बसतो. आपल्या विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते, त्यामुळे हा थर लवकर धरतो, आणि मग झडपा नीट मिटत नाहीत.

धातू पाहताना केवळ चकाकीवर जाऊ नये. पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेला रेझर उत्तम. पोलादाचा त्याहून टिकाऊ, पण महाग. जस्ताच्या मिश्रधातूचे डोके अनेक चांगल्या कंपन्याही वापरतात, आणि मुलामा शाबूत असेपर्यंत ते चांगले काम देते. रेझर दगडी मोरीवर पडून मुलामा उडाला की मात्र आतला धातू खराब होऊ लागतो. अगदी हलका प्लास्टिकचा रेझर टाळावा. वजनाचे कारण असे की, रेझरला स्वतःचा भार असला म्हणजे हाताला दाब द्यावा लागत नाही, आणि दाढीतील निम्म्या जखमा दाबामुळेच होतात. मुठीवर बोटे न घसरण्याजोग्या खाचा असाव्यात, हे साबणाने ओल्या हातांना लगेच कळते.

दुकानातच एक परीक्षा करता येते. पाते चढवून, स्क्रू घट्ट करून, रेझर डोळ्यांसमोर धरावा आणि वरून पाहावे. धार दोन्ही बाजूंस सारखीच बाहेर आली पाहिजे, आणि टोपीच्या कडेशी सरळ समांतर दिसली पाहिजे. एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी, किंवा तिरकी दिसली, तर एकदा सैल करून पुन्हा आवळावे. तरीही तसेच राहिले तर तो रेझर परत ठेवावा, मग तो कितीही स्वस्त असो. स्क्रूचे आटे विनाअडथळा फिरतात की नाही, आणि आडपट्टीवर बोट फिरविता कोठे खरखर लागते काय, हेही पाहावे. (पाते काढून, हे सांगावयास नकोच.)

कित्येक घरांत आजोबांचा जुना रेझर जपून ठेवलेला असतो. तो चांगला निघाला तर नवा घेण्याची गरजच काय? जिलेटचा १९३८ साली निघालेला ‘टेक’ हा साधा तीन तुकड्यांचा मवाळ रेझर नवशिक्याला आजही शोभतो. मुठीला चीर नाही, पट्टी वाकलेली नाही, हे पाहून गरम पाण्यात साबण घालून भिजवावा, जुन्या दातांच्या ब्रशाने घासावा, स्पिरिटने पुसावा, आणि वर सांगितलेली परीक्षा घ्यावी.

पात्यांची गोष्ट निराळी. रेझर एक घ्यावा, पण पाती आरंभी तीन-चार प्रकारची, एकेक छोटे पाकीट आणावे. एकाच रेझरमध्ये एक पाते लोण्यासारखे फिरते आणि दुसरे ओढते. कोणाच्या दाढीला कोणते मानवेल हे आधी सांगता येत नाही. जपानचे ‘फेदर’ फार तीक्ष्ण म्हणून प्रसिद्ध आहे. ते पहिल्या महिन्यात नको. पाते ओढू लागले की बदलावे, सामान्यतः चार-पाच दाढ्यांनंतर. जुनी माणसे पाते काचेच्या पेल्यात घासून महिनाभर वापरीत. ते साध्या पोलादाचे पाते होते. १९६० नंतर न गंजणाऱ्या पोलादाची पाती आली, त्यांच्या धारेवर अतिशय पातळ लेप असतो, आणि घासल्याने किंवा फडक्याने पुसल्याने तोच निघून जातो. पाते नुसते धुऊन झटकावे.

एक गोष्ट मात्र आम्ही आग्रहाने सांगू. रेझर ज्याचा त्याचा असावा. भावाभावांत सदरा चालतो, सायकल चालते; रेझर चालत नाही. दिसणारही नाही एवढ्या ओरखड्यातून कावीळ ‘ब’ एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, आणि तिचे विषाणू शरीराबाहेर सात दिवसही जिवंत राहू शकतात. न्हाव्याकडे गेल्यावरही समोर नवे पाते घालावयास सांगण्यात संकोच करू नये. चांगला कारागीर त्याचा राग मानीत नाही.

पहिली दाढी लग्नाच्या किंवा नाताळाच्या सकाळी करू नये; घाई नसलेली एखादी संध्याकाळ निवडावी. तोंड कोमट पाण्याने धुवावे, ब्रशाने फेस करून दोन मिनिटे केस मऊ होऊ द्यावेत. केस कोणत्या दिशेने वाढतात हे बोटांनी आधीच चाचपून ठेवावे. गळ्यावर ती दिशा बहुधा गालाहून वेगळी असते. रेझरची टोपी गालाला टेकवून मूठ आडवी धरावी, आणि पाते केस कापू लागेपर्यंत हळूहळू खाली आणावी. मग तोच कोन राखावा. दुसऱ्या हाताने कातडी ताणून, केसांच्या दिशेने, बोटभर लांबीचे फटके द्यावेत. आडवा रेझर कधी सरकवू नये. पहिला पंधरवडा उलट दिशेने फिरविण्याचा मोह आवरावा. थोडी खरखर राहिली तर राहू द्यावी.

शेवटी तुरटी ओली करून फिरवावी. जेथे ती झोंबेल तेथे हात जड पडला, असे समजावे. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच जागी हलका धरावा. आणि वापरलेले पाते उकिरड्यावर टाकू नये, तेथे गुरे तोंड घालतात आणि कचरा वेचणाऱ्यांचे हात जातात. पत्र्याच्या एखाद्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून ते गच्च बसवून टाकावे, आणि त्यात पाती जमू द्यावीत. लहानसा डबाही भरावयास कित्येक वर्षे लागतात.